एकरी उतारा कशाशी ताडून पाहायचा?

हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे ते संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून. कयाधू नदीकाठच्या या गावाच्या पंचक्रोशीत गेल्या तीस वर्षांत पीकरचना मात्र पार पालटून गेली. जेथे खरिपात ज्वारी, मूग, उडीद आणि कापूस उभा असे, तेथे आज मुख्यतः सोयाबीनचे राज्य आहे. पीककर्जाची फेड, मुलांच्या शाळेचा खर्च, दिवाळीचा बाजार आणि रब्बीच्या हरभऱ्याचे बियाणे, हे सारे या एका पिकाच्या उताऱ्यावर अवलंबून असते. त्यामुळे ‘एकरी उतारा वाढवून देतो’ असे सांगत कोणी आले, तर त्याचे म्हणणे कान देऊन ऐकले जाते, हे स्वाभाविकच आहे.

सध्या असे सांगणाऱ्यांच्या तोंडी तणनाशक-सहनशील सोयाबीनचे नाव असते. ग्लायफोसेट हे तणनाशक पीक आणि तण असा भेद करीत नाही. ज्या हिरव्या पानावर पडेल ती वनस्पती मरते. एका जिवाणूचे जनुक सोयाबीनमध्ये घालून ते या औषधाला दाद देणार नाही असे केले, की उभ्या पिकावर फवारणी करता येते. तण जळते, पीक उभे राहते. मोन्सॅन्टो कंपनीने असे बियाणे ‘राउंडअप रेडी’ या नावाने १९९६ मध्ये अमेरिकेत बाजारात आणले. ही कंपनी २०१८ मध्ये बायरने विकत घेतली.

भारतात अशा सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही. परंतु या बियांचे तेल परदेशातून येऊन कित्येक वर्षे येथील कढईत पडत आहे, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने अशाच सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास मुभा दिली. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने कायदा मोडून तणनाशक-सहनशील कापसाची जाहीर पेरणी केली. २०२५ मध्ये अमेरिकेशी चाललेल्या व्यापार-वाटाघाटींत जनुक-परिवर्तित सोयाबीन व मका यांचा प्रश्न पुन्हा पुढे आला. सारांश, हा विषय मराठवाड्याच्या बांधावर येऊन ठेपला आहे. त्याविषयीची भूमिका केवळ भीतीवर किंवा केवळ घोषणांवर उभी राहून चालणार नाही. ती हिशेबावर उभी राहिली पाहिजे, आणि हिशेबाचा पहिला प्रश्न असा की, उतारा वाढतो म्हणजे कशाच्या तुलनेत वाढतो?

परदेशातील आकड्यांचा अर्थ

अमेरिकेतील सोयाबीनचे ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्र आज तणनाशक-सहनशील वाणांखाली आहे, आणि तेथील उतारा एकरी १३ क्विंटलच्या पुढे आहे. भारताचा सरासरी उतारा एकरी चार क्विंटलच्या आसपास रेंगाळतो. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की प्रचारकाचे अर्धे काम होऊन जाते. परंतु तिसरा आकडा सहसा ठेवला जात नाही. युरोपीय संघात जनुक-परिवर्तित सोयाबीन पिकवले जात नाही. तरीही इटलीतील सोयाबीनचा उतारा चांगल्या वर्षी हेक्टरी तीन टनांच्या, म्हणजे एकरी १२ क्विंटलच्या घरात जातो. तेव्हा अमेरिकेचा उतारा त्या एका जनुकामुळे आहे असे म्हणावयाचे, तर इटलीचा उतारा कशामुळे आहे हेही सांगावे लागेल. खोल जमीन, उन्हाळ्यातील लांब दिवस, पिकाला मिळणारा दीर्घ हंगाम, पाण्याची शाश्वती आणि संशोधनावरील खर्च ही त्याची खरी कारणे आहेत. यांपैकी एकही कारण बियाण्याच्या पिशवीत भरून नरसीला पाठविता येत नाही.

शास्त्रीय तुलना व्हावयाची, तर बाकी सारे सारखे ठेवून एकच गोष्ट बदलली पाहिजे. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठात एल्मोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच केले. एकाच कुळातील, परंतु एकात तणनाशक-सहनशीलतेचे जनुक असलेल्या व दुसऱ्यात नसलेल्या अशा भगिनी-वाणांच्या जोड्या त्यांनी चार ठिकाणी, दोन हंगाम शेजारी शेजारी पेरल्या. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, जनुक असलेल्या वाणांचा उतारा त्यांच्या भगिनींपेक्षा सुमारे ५ टक्के कमी भरला. आणि त्या वेळी उपलब्ध असलेल्या उत्तम साध्या वाणांशी ताडून पाहता ही तूट १० टक्क्यांपर्यंत गेली. फवारणीमुळे ही घट झाली नव्हती, असेही त्याच अभ्यासात दिसून आले. घट जनुकामुळे किंवा ते बसविण्याच्या प्रक्रियेमुळे झाली असावी, असा त्यांचा कयास होता.

पुढे २००९ मध्ये त्याच कंपनीने सुधारित दुसरी पिढी बाजारात आणली आणि ती ७ ते ११ टक्के अधिक उतारा देते अशी जाहिरात केली. ही वाढ कशाच्या तुलनेत होती? कंपनीच्याच पहिल्या पिढीच्या तुलनेत. ज्या पायरीवरून खाली उतरले होते तीच पायरी पुन्हा चढणे, आणि त्याला प्रगती म्हणणे, हा व्यापाराचा जुनाच रिवाज आहे. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, पहिल्या पिढीतील तूट नंतरच्या वाणांत पुष्कळशी भरून निघाली. म्हणजे या तंत्राने उतारा बुडतो असे आज म्हणता येणार नाही. परंतु अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये सगळ्या उपलब्ध पुराव्याचा आढावा घेतला, तेव्हा जनुक-परिवर्तित पिके आल्यानंतर तेथील पिकांच्या उताऱ्याची वाढ आधीपेक्षा अधिक वेगाने झाली, असे दाखविणारा पुरावा तिला मिळाला नाही. अमेरिकेत सोयाबीनचा उतारा १९९६ नंतर वाढला हे खरे. पण तो १९९६ पूर्वीही वाढतच होता.

मग दक्षिण अमेरिकेत हे बियाणे वणव्यासारखे का पसरले? अर्जेंटिनातील शेतीचा अभ्यास करून काइम व ट्रॅक्सलर या अर्थशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये याचे उत्तर दिले. तेथे एकरी उताऱ्यात लक्षणीय फरक पडला नव्हता. फरक पडला तो खर्चात. नांगरट टळली, यंत्राचे तास वाचले, गव्हाच्या मागोमाग त्याच रानात सोयाबीन पेरता येऊ लागले. शेकडो हेक्टरांच्या जमीनमालकाला माणसे न वाढविता क्षेत्र वाढविता आले. या तंत्राचा मूळ गुण हा असा आहे. ते उतारा वाढविण्यासाठी जन्मलेले नाही; देखरेख आणि श्रम वाचविण्यासाठी जन्मलेले आहे.

याच्या उलट बाजूचा सर्वांत बळकट पुरावा रुमानियाचा आहे, आणि तो लपविण्याचे कारण नाही. १९९९ ते २००६ या काळात तेथे हे सोयाबीन पेरले गेले आणि उतारा सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास वाढल्याचे एका अभ्यासात नोंदले गेले. हे कसे घडले? तेथील शेतांत आधी तणांचा बंदोबस्तच नीट होत नव्हता. पिकाच्या तोंडचे तण खात होते. ते थांबले आणि उतारा वर आला. या उदाहरणातून निघणारा नियम साधा आहे. तणनाशक-सहनशील वाण सोयाबीनची उत्पादनक्षमता वाढवीत नाही, तणामुळे होणारे नुकसान टाळतो. जेथे ते नुकसान आधी टाळले जात नव्हते, तेथे उतारा वाढतो. जेथे माणसांच्या हातांनी ते आधीच टाळले जाते, तेथे फक्त माणसे कमी होतात.

नरसीच्या रानातील तुलना

हा नियम नरसीच्या पंचक्रोशीला लावून पाहू. सोयाबीन हे शंभर दिवसांच्या आतबाहेरचे पीक आहे. त्यातील पहिले ३० ते ४५ दिवस निर्णायक असतात. या काळात तण राहिले, तर तृतीयांश ते निम्मे पीक हातचे जाऊ शकते, याविषयी शेतकरी आणि शास्त्रज्ञ यांच्यात मतभेद नाही. परंतु येथील शेतकरी तणाला रान मोकळे सोडतो असे कोठे आहे? एक-दोन कोळपण्या, एक-दोन खुरपण्या आणि अलीकडे निवडक तणनाशकाची एक फवारणी, अशी बंदोबस्ताची रीत आज गावोगाव रूढ आहे. इमॅझेथापायरसारखी तणनाशके सोयाबीनला मुळातच सोसतात. त्यासाठी परके जनुक लागत नाही. म्हणजे ज्याला ‘पारंपरिक’ म्हणून तुलनेच्या एका पारड्यात टाकले जाते, ते शेत वस्तुतः तणाने माजलेले नसते. तेथे तणनाशक आहे, कोळपे आहे आणि खुरपेही आहे. नव्या वाणाची तुलना या शेताशी झाली पाहिजे. मोकळ्या सोडलेल्या तणाच्या वाफ्याशी केलेली तुलना ही प्रदर्शनातील पाटीसाठी ठीक असते, शेतकऱ्याच्या निर्णयासाठी नव्हे.

दुसरी गोष्ट तुरीची. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी, ही मराठवाड्यातील मान्यताप्राप्त आंतरपीक पद्धती आहे. पाऊस दगा देऊन गेला तर तूर घर सावरते. वर्षाची डाळ घरची होते. तुऱ्हाट्या कुडाला आणि चुलीला येतात. सध्याच्या निवडक तणनाशकांपैकी काही तुरीलाही चालतात. ग्लायफोसेट तुरीला चालणार नाही. ते फवारावयाचे, तर रानातून तूर काढूनच टाकावी लागेल. मग एकरी सोयाबीनचा उतारा काय आला एवढेच मोजून भागेल काय? तुलना एकरी सोयाबीनची करावयाची की एकरी एकंदर उत्पन्नाची, हा प्रश्न तुरीचे पोते ज्याच्या घरात येते त्याला विचारावा. शेजाऱ्याच्या कापसावर, तुरीवर किंवा हळदीवर वाऱ्याने उडून पडणाऱ्या औषधाचा हिशेब तर निराळाच आहे. अमेरिकेत ग्लायफोसेटने काम भागेना म्हणून डायकांबा या तणनाशकाला सहनशील वाण आणले गेले. २०१७ च्या एकाच हंगामात हे औषध उडून सुमारे ३६ लाख एकरांवरील इतरांच्या सोयाबीनला इजा झाल्याचा अंदाज तेथील विद्यापीठाच्या तणशास्त्रज्ञाने दिला होता. नरसीसारख्या गावी, जेथे दोन-तीन एकरांचे तुकडे बांधाला बांध लावून असतात, तेथे काय होईल हे वेगळे सांगावयास नको.

तिसरी गोष्ट खुद्द तणाची. मराठवाड्यातील खरिपात केना हे हट्टी तण आहे. कांडे तोडून टाकले तरी ओलीवर पुन्हा मूळ धरते. हा केना ग्लायफोसेटला सहजी दाद देत नाही. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात कापसावर सर्रास ग्लायफोसेट फवारले जाऊ लागले, तेव्हा इतर तणे मागे पडली आणि हाच आपला केना तेथे मोठी डोकेदुखी होऊन बसला. आपल्याकडील माठाच्या कुळातील एक तणही त्याच राज्यात २००५ च्या सुमारास ग्लायफोसेटला पुरून उरल्याचे सिद्ध झाले. पहिल्या तीन वर्षांचा उतारा मोजून थांबणाऱ्या तुलनेत ही दहाव्या वर्षाची किंमत कधीच दिसत नाही. बीटी कापसाच्या बाबतीत हा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. २००२ मध्ये आलेल्या त्या बियाण्याचा गाजावाजा गुलाबी बोंडअळीने २०१७ च्या हंगामात पार मोडून काढला.

आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, अलीकडच्या वर्षांत या भागातील सोयाबीनचा उतारा कशाने मारला? २०२० मध्ये बियाणे उगवलेच नाही अशा तक्रारींनी मराठवाडा ढवळून निघाला आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. २०२३ मध्ये ऑगस्ट कोरडा गेला आणि पाठोपाठ पिवळा मोझॅक व मूळकूज यांनी शेते पिवळी केली. २०२४ मध्ये सप्टेंबरच्या पहिल्याच दोन दिवसांत हिंगोली, परभणी, नांदेड जिल्ह्यांत अतिवृष्टीने उभे पीक पाण्याखाली गेले. २०२५ मध्ये ऑगस्ट-सप्टेंबरच्या पुरांनी तेच पुन्हा केले. उगवण, खंड, रोग आणि पूर या चार शत्रूंपैकी एकावरही तणनाशक-सहनशीलतेचे जनुक चालत नाही. रोगाला न जुमानणारे वाण, उगवणक्षमता तपासलेले बियाणे, रुंद सरी-वरंब्यावरची पेरणी आणि पाण्याचा निचरा यांवर ते चालते. हे काम परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे आहे. त्याच्या एमएयूएस मालिकेतील वाण या मातीत उभे राहिले आहेत. सार्वजनिक संशोधनाचा निधी आटत जावा आणि उताऱ्याची आशा खासगी पिशवीकडे वळावी, या दोन गोष्टींचा परस्परसंबंध कार्यकर्त्यांच्या नजरेतून सुटता कामा नये.

बुडालेला रोज आणि मजुरांची टंचाई

शेतकऱ्याची बाजू मात्र समजून घेतली पाहिजे. तो तणनाशक मागतो तो कंपनीच्या प्रेमापोटी नव्हे. पावसाची झड लागली की आठ-आठ दिवस रानात पाय घालता येत नाही. उघडीप पडली की साऱ्या गावाला एकाच दिवशी बाया हव्या असतात. बैलजोडी मोडलेल्या घरी कोळपे चालत नाही. उघडिपीच्या एका दिवसात पाच एकर फवारून मोकळे होता येणे, ही सोय खरीच आहे. तिला नाके मुरडणारा कार्यकर्ता शेतकऱ्याच्या विश्वासाला पात्र ठरणार नाही.

पण हिशेब पुढे नेऊ. एका खुरपणीला एकरी दहा बाया, रोज २५० रुपये आणि दोन खुरपण्या धरल्या, तर एकरी २० रोज आणि ५,००० रुपये होतात. हजार एकर सोयाबीन असलेल्या गावात हे २०,००० रोज झाले. ही मजुरी मुख्यतः भूमिहीन आणि अल्पभूधारक घरांतील स्त्रियांच्या हाती पडते, आणि तीही आषाढ-श्रावणात, जेव्हा घरातले धान्य सरत आलेले असते व दुसरे काम नसते. शिवाय खुरपलेल्या तणाचा भारा डोक्यावर घेऊन त्या घरी येतात. त्यावर शेळी जगते. केना, कुंजरू, तांदुळजा, घोळ यांची भाजी त्यातूनच निघते. उताऱ्याच्या कोणत्याही तक्त्यात या भाऱ्यासाठी रकाना नाही.

निवडक तणनाशकांनी या रोजांतील काही वाटा आजच कमी केला आहे. सहनशील वाण आला की उरलेलाही जाईल. मजुरांची टंचाई आहे असे म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे की, ज्या गावात हंगामाचे आठ-दहा दिवस मजूर मिळत नाहीत, त्याच गावातील कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात. वर्षभर काम नसल्यामुळे माणूस गाव सोडतो, आणि माणूस गाव सोडतो म्हणून हंगामात मजूर मिळत नाही. ही टंचाई निसर्गाने निर्माण केलेली नाही. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला ती कशी दूर करावी हे शिकविण्याची गरज पडू नये.

श्रम वाचविणारे प्रत्येक यंत्र हे श्रमिकांचे शत्रूच असते, असे समाजवादाने कधी म्हटलेले नाही. चिखलात वाकून दिवसभर खुरपणे हे काही मानवी जीवनाचे ध्येय नव्हे. प्रश्न आहे तो वाचलेल्या श्रमाचे मूल्य कोणाच्या पदरात पडते याचा. त्या स्त्रीला दुसरे, बरे काम मिळणार असेल, तर तणनाशकाचे स्वागत तीच प्रथम करील. तिचा रोज जाऊन तेच पैसे बियाण्याचे शुल्क आणि औषधाचे बिल म्हणून गावाबाहेर जाणार असतील, तर या व्यवहारात गाव गरीब होते, मग उतारा काहीही असो.

पाच टक्के आणि भावातील दरी

आता शेतकरी आणि मजूर स्त्री यांना ज्या पाच हजारांवरून समोरासमोर उभे केले जाते, त्याकडे जरा निराळ्या बाजूने पाहू. एका एकरात सहा क्विंटल सोयाबीन झाले असे धरू. २०२४-२५ च्या हंगामात सरकारने जाहीर केलेला किमान आधारभूत भाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. सुगीत बाजारात ४,२०० रुपयांच्या आसपास व्यवहार होत होते. क्विंटलमागे ६९२ रुपयांची ही दरी सहा क्विंटलांवर ४,१५२ रुपये होते. म्हणजे दोन खुरपण्यांच्या मजुरीचा पाचात चार हिश्श्यांहून अधिक भाग शेतकऱ्याने बाजारात गमावला, आणि त्याची खंत मात्र बायांच्या रोजावर काढली गेली. याच पिकावर पाच टक्के उतारा वाढला असता, तर ३० किलो जास्त सोयाबीन आले असते. ४,२०० च्या भावाने त्याचे होतात १,२६० रुपये. ज्या पाच टक्क्यांवर प्रयोगशाळा आणि कंपन्या वाद घालतात, त्याच्या तिपटीहून अधिक रक्कम हमीभावाने खरेदी न झाल्यामुळे एका एकरात बुडाली. त्या वर्षी सरकारी खरेदी झाली, पण ओलाव्याची १२ टक्क्यांची अट १५ टक्क्यांपर्यंत सैल होईतो सुगीचा बराच काळ उलटून गेला होता. आणि हात अडलेला शेतकरी तोवर थांबू शकत नव्हता.

भावाचा हा प्रश्न परदेशी मालाशी थेट जोडलेला आहे. स्वस्त तेल व पेंड बाहेरून येऊ द्यावयाची, त्यामुळे देशी सोयाबीनचा भाव पडू द्यावयाचा, आणि मग शेतकऱ्याला सांगावयाचे की, परदेशाशी टक्कर द्यावयाची तर त्यांचेच बियाणे पेर, असा हा क्रम आहे. २०२१ मध्ये पेंडीच्या आयातीस मुभा मिळाली, ती नव्या पिकाच्या तोंडावर. हे कोणी विसरू नये.

बियाण्याचा प्रश्न याच साखळीतील पुढची कडी आहे. सोयाबीन स्वपरागी पीक असल्यामुळे घरच्या चांगल्या रासेतून पुढच्या वर्षीचे बियाणे ठेवता येते. उगवण तपासून ते पेरले की एकरी मोठा खर्च वाचतो. भारतातील २००१ च्या वाण-संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या ३९ व्या कलमाने हा अधिकार मान्य केला आहे, आणि आपला पेटंट कायदा बियाण्यावर पेटंट देत नाही. अमेरिकेत काय घडले? इंडियाना राज्यातील बोमन नावाच्या शेतकऱ्याने धान्याच्या कोठारातून विकत घेतलेले सोयाबीन पेरले आणि त्यातील पुढचे बी ठेवून पेरत राहिला. हे पेटंटचे उल्लंघन आहे, असा निर्णय मे २०१३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दिला आणि ८४ हजार डॉलरांहून अधिक भरपाई त्याच्यावर बसली. अशा बियाण्याबरोबर अशा कायद्याचा आग्रहही धरला जातो. व्यापार-कराराच्या मेजावर आधी बियाणे येते, मागून त्याचे नियम येतात.

काय मागावे

यावरून कार्यकर्त्यांनी काय बोध घ्यावा? तंत्रज्ञानाला सरसकट विरोध ही भूमिका टिकणारी नाही, आणि कंपनीच्या शब्दावर विश्वास ही भूमिका परवडणारी नाही. मागणी करावी ती चोख तुलनेची. कोणत्याही तणनाशक-सहनशील वाणाला परवानगी देण्याचा विचार व्हावयाचा असेल, तर परभणीच्या विद्यापीठाने सार्वजनिक पैशाने, मुरमाड आणि काळ्या अशा दोन्ही जमिनींवर, कोरडवाहू स्थितीत, निदान तीन-चार हंगाम, भगिनी-वाण शेजारी ठेवून चाचणी घ्यावी. तिच्यात कोळपणी-खुरपणीचे शेत, निवडक तणनाशकाचे शेत, तूर-सोयाबीनचे शेत आणि नव्या वाणाचे शेत अशी चारही शेते असावीत. एकरी उताऱ्याबरोबर एकरी निव्वळ उत्पन्न, मजुरीचे रोज आणि गावाबाहेर जाणारा खर्च हेही मोजावे, आणि निष्कर्ष मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. तोवर चोरट्या मार्गाने येणाऱ्या बियाण्यापासून शेतकऱ्याने दूर राहावे. त्या पिशवीवर नाव नसते, पावती नसते आणि उगवले नाही तर दाद मागण्यास जागा नसते. शिवाय ऑक्टोबर २०२२ च्या केंद्रीय आदेशाने ग्लायफोसेटच्या वापरावर घातलेले निर्बंध फवारणाऱ्या शेतकऱ्यालाच अडचणीत आणू शकतात.

याहून तातडीच्या मागण्या दोन आहेत. पहिली, सुगीच्या पहिल्या आठवड्यापासून हमीभावाने संपूर्ण खरेदी, आणि ओलाव्याची अट त्या वर्षीच्या पावसाला धरून आधीच ठरविलेली. दुसरी, छोट्या शेतकऱ्याच्या शेतातील खुरपणीच्या मजुरीचा काही भार रोजगार हमीच्या निधीने उचलावा, म्हणजे शेतकऱ्याचा खर्च उतरेल आणि स्त्रियांचा रोजही टिकेल, वाढेलही.

आणि एक काम असे आहे की, ज्यासाठी कोणाकडे काही मागावयाचे नाही. एक रुपयातील पीकविमा बंद होऊन २०२५ च्या खरिपापासून विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगांतील उताऱ्यावर ठरू लागली आहे. हे प्रयोग कोणत्या शेतात, कोणत्या दिवशी, कोणासमक्ष होतात, याकडे आजवर फारसे कोणी पाहिले नाही. प्रत्येक महसूल मंडळात दोन-चार कार्यकर्त्यांनी या प्रयोगांना हजर राहावे, वजनाची नोंद स्वतंत्र वहीत करावी, शेजारी शेतकऱ्याचा वाण, खुरपण्यांची संख्या, फवारणीचा खर्च आणि मिळालेला भाव लिहून ठेवावा. तीन वर्षांत नरसीच्या पंचक्रोशीचा असा एक हिशेब तयार होईल, की ज्याच्यासमोर कोणत्याही कंपनीचे रंगीत पत्रक आणि कोणत्याही मंत्र्याचे भाषण ठेवून ताडून पाहता येईल. उताऱ्याचा आकडा आजवर दुसऱ्यांनी मोजला आणि शेतकऱ्याला ऐकविला. तो आकडा शेतकऱ्याने आणि खुरपणाऱ्या स्त्रीने मिळून स्वतः मोजला, तर त्या दोघांचे भांडण परस्परांशी नाही, हे दोघांच्याही ध्यानात येईल.